काकांनी नापास केलेले डोंगर

आमच्या घरमालकांना डोंगर आवडत नसत असं नाही. डोंगरांनाच त्यांच्या परीक्षेत बसायची लायकी नव्हती. जव्हार नापास, सूर्यमाळ नापास, आणि मोखाडा तर बसमधून उतरायच्या आधी खिडकीतूनच नापास. २०१४ ते २०१९ अशी पाच वर्षं मी डहाणूला त्यांच्या माडीवर भाड्याने राहिले. दर उन्हाळ्यात हा गृहस्थ बायकोसाठी थंड हवेच्या ठिकाणी दोन महिन्यांपुरतं घर शोधायला सकाळी बाहेर पडायचा आणि दिवेलागणीला परत येऊन ओट्यावर उभा राहून निकाल जाहीर करायचा, "काही राम नाही."

ते डहाणूच्या एस.टी. डेपोतून कंट्रोलर म्हणून रिटायर झाले होते. जाळीच्या खिडकीमागे बसून गाड्यांच्या नोंदी करतो आणि भोंग्यावरून कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागली ते सांगतो, तो कंट्रोलर. गावात त्यांना त्यांच्या नावाने कोणी ओळखत नसे. मी काका म्हणायचे, बाकी सगळे कंट्रोलर. आयुष्यभर हजारो माणसांना गावोगाव धाडणाऱ्या या माणसाने स्वतः एक रात्रही घराबाहेर काढली नव्हती, हे मला बरंच उशिरा कळलं.

खोली बघायला गेले तेव्हा त्यांनी माझं नाव, गाव, पगार, जात यातलं काहीच विचारलं नाही.

"नोकरी कुठे?"

"तलासरीला. सरकारी कचेरीत."

"सकाळी जायला मिळेल गाडी. यायला?"

"मिळेल काहीतरी," मी म्हणाले.

त्यांनी हातातला पाण्याचा ग्लास खाली ठेवला. "काहीतरी नावाची गाडी नाही आपल्याकडे." मग त्यांनी मला तलासरीहून परत येणाऱ्या सगळ्या गाड्या पाठ म्हणून दाखवल्या. कुठली रोज वेळेवर येते, कुठली चारोटीला रेंगाळते, आणि महालक्ष्मीची जत्रा असली की कुठलीवर अजिबात विसंबायचं नाही, हे सगळं त्यात आलं. शेवटी बोट वर करून म्हणाले, "जाणारी गाडी कोणपण दाखवतो, पोरी. येणारी कोण दाखवतो ते बघायचं."

आतून आवाज आला, "अहो, आधी तिला खोली..." मग एक मोठा श्वास, "...दाखवा तरी."

त्या काकू. वरोरच्या कोळ्यांची मुलगी, ठेंगणी, आणि जिभेला धार अशी की बोंबील चिरून व्हावेत. दम्याने त्यांचं प्रत्येक वाक्य मधोमध तोडलेलं असायचं. अर्धं बोलायच्या, थांबायच्या, श्वास ओढायच्या, उरलेलं बोलायच्या. त्यामुळे त्यांचे टोमणे दोन हप्त्यांत यायचे आणि दुसरा हप्ता काय येणार या धास्तीने समोरचा आधीच अर्धा व्हायचा. काकांनी मात्र पस्तीस वर्षांत सराव केला होता. पहिला हप्ता आला की ते दुसऱ्याच्या आत अंगणात पसार व्हायचे.

रिटायर झाल्यावर डेपोने भोंगा ठेवून घेतला, पण आवाज काकांकडेच राहिला. घराचा त्यांनी स्टँड केला होता. सकाळी जिन्याखालून हाक यायची, "नळाला पाणी लागलेलं आहे. माडीवरच्यांनी बादल्या घेऊन खाली यावे." चहा झाला की "चहा लागलेला आहे." एकदा काकूंनी आतून सांगितलं, "कालवण ओट्यावर लागलंय... सुटायच्या आत या." पाहुणा आला तर त्याचं चप्पल पायातून निघायच्या आत काका त्याला परतीच्या गाड्या सांगायचे. माझे वडील साताऱ्याहून पहिल्यांदा आले, घाम पुसत ओट्यावर टेकले, आणि काकांनी त्यांना लगेच ठाण्याला जाणारी शेवटची गाडी सांगून टाकली. वडिलांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "मी यायला नको होतं का गं?"

यात काकांच्या मनात वाईट काही नसायचं. उलट पाहुण्याची त्यांना खरीच काळजी वाटायची. त्यांचं एक तत्त्वज्ञान होतं, आणि ते स्टँडवरच तयार झालं होतं. रात्री शेवटची गाडी गेली की स्टँडवर काही माणसं उरायची. गाठोड्यावर डोकं ठेवून बाकड्यावर पडलेली, मच्छर मारणारी, लेकराला पदरात घेऊन भिंतीला टेकलेली. काका घरी जाताना त्यांच्याकडे बघायचे. असं वर्षानुवर्षं बघून त्यांच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली होती: माणूस परगावी रात्र काढतो तो फक्त गाडी चुकली म्हणून. हौसेने कुणी मुक्काम करत असेल यावर त्यांचा विश्वासच नव्हता. हॉटेलं, धर्मशाळा, यात्री निवास या सगळ्या गाडी चुकलेल्यांसाठी काढलेल्या सोयी आहेत असं त्यांचं मत होतं. मधुचंद्राबद्दल विचारायचं धाडस मी केलं नाही.

आता डहाणूच्या उन्हाळ्याबद्दल. आमच्या साताऱ्याकडे उन्हाळा तापतो, इथे शिजतो. समुद्रावरून येणारा वारा दुपारपर्यंत बरा असतो, मग पडतो, आणि रात्री हवा अशी होते की श्वास घ्यायचा की प्यायचा ते कळू नये. चिकूला हे मानवतं. काकूंना मानवत नसे. त्या बाराही महिने उशांचा ढीग करून अर्ध्या बसूनच झोपायच्या, पण एप्रिल-मेमध्ये तेही जमायचं नाही. भिंतीला पाठ लावून, गुडघे पोटाशी घेऊन त्या बसायच्या आणि छाती भात्यासारखी वरखाली व्हायची. माझी खोली बरोबर वर होती. पहाटे जाग आली की तो शिट्टीसारखा आवाज ऐकू यायचा आणि मला माझ्या धडधाकट फुप्फुसांची लाज वाटायची.

डॉक्टरांनी २०१४ सालीच साफ सांगितलं होतं. औषधं चालू ठेवा, पण चैत्र-वैशाख यांना वर कुठेतरी घेऊन जा, कोरड्या थंड हवेत. रिटायर माणसं आहात, दोघंच आहात, मुलगी सुरतेला सुखी आहे, तुम्हाला काय अडचण?

काकांना अडचण काहीच नव्हती. त्यांनी ते काम अंगावर घेतलं, आणि सरकारी माणसाने अंगावर घेतलेल्या कामाचं जे होतं तेच त्याचं झालं. पाहणी सुरू झाली.

पाहणीसाठी त्यांची एक कापडी पिशवी होती. तिच्यात पाण्याची बाटली, घाम पुसायला पंचा, चार चिकू आणि खोबरेल तेलाची छोटी शिशी. तेल कशाला, असं मी विचारलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं. "थंडी थंडी सगळे बोलतात. पुरावा काय? खरी थंडी असेल तर खोबरेल गोठतं. पौषात आपल्याकडे एखाद्या दिवशी गोठतं की नाही? मग डोंगरावर मे महिन्यात गोठलं तर तो डोंगर खरा."

मी म्हटलं, "काका, मे महिन्यात खोबरेल गोठवणारा डोंगर हिमालयात सापडेल."

"हिमालयाला परतीची गाडी नाही," ते गंभीरपणे म्हणाले.

पहिली पाहणी जव्हारची. सकाळच्या गाडीने गेले, भर दुपारी उतरले, राजवाड्याच्या रस्त्याने दोन फेऱ्या मारल्या, एका पारावर बसून चिकू खाल्ले, पारावर तेलाची शिशी उन्हात ठेवली, आणि चारच्या आसपासची गाडी पकडून परत आले. आम्ही दोघी ओट्यावर वाट बघत होतो.

"ऊन आहे तिकडे," काका म्हणाले.

"दुपारी ऊन असतंच..." काकू थांबल्या, "...सगळीकडे."

"मग लोक उगीच जव्हार जव्हार करतात? आणि तेल हललंसुद्धा नाही. म्हणजे हललं. तेच सांगतो, हललं. पाण्यासारखं हललं."

पुढल्या वर्षी सूर्यमाळ. त्याच्या नावातच सूर्य आहे म्हणून जायच्या आधीच त्यांचं मन कलुषित होतं, आणि तिथून परतीची गाडी एकच आहे असं कळल्यावर निकाल ठरून गेला. त्याच मे महिन्यात ते त्र्यंबकेश्वरला जाऊन आले. हवा बरी आहे असं त्यांनी नाइलाजाने कबूल केलं, पण देवाच्या गावात घर घेतलं तर डहाणूतला झाडून सगळा गोतावळा दर्शनाच्या निमित्ताने येऊन राहील आणि त्या सगळ्यांच्या परतीच्या गाड्या आपल्याला बघाव्या लागतील, म्हणून तेही रद्द. मी माझ्या परीने सांगून पाहिलं. आमच्याकडे महाबळेश्वर आहे, पाचगणी आहे, माझी आत्या वाईला राहते, ती घर बघून देईल.

"किती तास?"

"रात्रीच्या गाडीने गेलात तर सकाळी पोचाल."

"आणि परत?"

"काका, परत दोन महिन्यांनी यायचंय. मुक्कामालाच तर जायचंय."

"मुक्काम!" जणू मी त्यांना तुरुंगात जायला सांगत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी माझ्या बादल्यांची घोषणा केली नाही.

धरमपूरच्या डोंगराचा किस्सा तर मी लोकांना अजून सांगते. घोलवडला एक चिकूचे व्यापारी होते, काकांचे जुने स्नेही, घरी गुजराती आणि बाजारात मराठी बोलणारे. त्यांनी नवी मोठी गाडी घेतली होती आणि ती मिरवायला त्यांना रस्ता हवा होता. काकूंना घेऊन जाऊ, गुजरातेत उंच डोंगर आहे, वारा बघाल तर उडून जाल, असं म्हणून एका रविवारी त्यांनी आम्हा सगळ्यांना गाडीत कोंबलं. अच्छाडच्या सरहद्द नाक्यावर ट्रकांच्या रांगेत अडकलो तेव्हा काका मागच्या सीटवरून पुढच्या ट्रकांचे नंबर वाचून कोण कुठल्या राज्याचा ते सांगत होते. काकू खिडकीला डोकं लावून गप्प होत्या. आदल्या रात्री त्यांना अजिबात झोप लागली नव्हती.

वर पोचायला दुपार झाली. ऊन होतंच. काकांनी तेलाची शिशी दगडावर ठेवली आणि घड्याळ बघत बसले. चिकूवाले भजी आणायला गेले. साडेतीनच्या पुढे कधीतरी वारा सुटला. खालून दरीतून वर आला आणि गवत एका बाजूला झोपवून गेला. काकू कड्यापासून जरा आत एका खडकावर बसल्या होत्या. त्यांनी डोक्यावरचा पदर सोडला. मग मी पाहिलं, त्यांचे खांदे खाली आले. दमेकऱ्याचे खांदे सदा कानाशी असतात. पाच-दहा मिनिटं त्या नुसत्या बसून श्वास घेत होत्या, बोलायला म्हणून नाही, तर श्वास घ्यायला म्हणून.

"बरं वाटतंय?" मी विचारलं.

"थोडं बसूया," त्या म्हणाल्या. सलग म्हणाल्या.

तेवढ्यात काका उठले. पिशवीत शिशी टाकली, पंचा खांद्यावर घेतला. "चला चला, वेळ झाली. गाडी सुटेल."

चिकूवाल्यांच्या हातात भज्यांचा कागद तसाच राहिला. "काका, गाडी तो आपलीच छे ने! माझ्याशिवाय कशी सुटेल ती?"

"गाडी कोणाची का असेना, वेळ ती वेळ," काका म्हणाले आणि जाऊन मागच्या सीटवर बसले. दार लावून घेतलं. दुसरं कोणी असतं तर हसून सोडून दिलं असतं, पण या माणसाच्या कपाळावर खराखुरा घाम होता. अंधार पडायच्या आत घराचा रस्ता पायाखाली नसला की त्यांना तसा घाम फुटायचा. आम्ही निघालो. काकू उतरताना मागे वळून वळून बघत होत्या. अच्छाडला पोचेपर्यंत त्यांचे खांदे परत कानाशी गेले.

घरी आल्यावर निकाल लागला. डोंगर बरा, पण गुजरातेत आहे, आणि तेल काही गोठलं नाही.

मला त्यांचा राग यायचा. आजही लिहिताना येतो. पण तो टिकत नसे, कारण हाच माणूस मध्यरात्री उठून काकूंची पाठ चोळत बसायचा, त्यांच्यासाठी पाणी उकळायचा, आणि सकाळी डोळे सुजलेले असताना पुन्हा "नळाला पाणी लागलेलं आहे" म्हणायचा. एक वर्ष तर त्यांनी ठरवलं की डोंगर घरी येत नाही तर थंडी घरी आणू. सगळ्या खिडक्यांना त्यांनी वाळ्याचे आणि गोणपाटाचे पडदे लावले, नळीने ते दर तासाला भिजवले, फरशीवर पाणी मारलं. दोन दिवसांत घराला मासळी बाजाराची ओल आली आणि काकूंचा दमा दुप्पट झाला. "हवेत पाणी कमी होतं म्हणून," त्या म्हणाल्या. बराच वेळ श्वास आला नाही. काका दुसऱ्या हप्त्यासाठी पहिल्यांदाच थांबले होते. "...ते तुम्ही घरात भरलं." पडदे त्याच दुपारी निघाले.

मग जमीनच हलायला लागली. २०१८च्या दिवाळीपासून आमच्या तलासरी-डहाणू भागात धक्के बसत होते, हे बाहेरच्या लोकांना आता आठवतही नसेल. कचेरीत बसलेलं असताना कपाट खडखडायचं आणि आम्ही सगळे फायली टाकून बाहेर पळायचो. धुंदलवाडीच्या बाजूला लोक थंडीत अंगणात, शेतात, ताडपत्रीखाली झोपायचे. डहाणूत तितकं नव्हतं, पण भीती तितकीच होती. काका धक्क्यांनाही सोडत नसत. "धक्का येऊन गेलेला आहे, पुढच्याची वेळ निश्चित नाही," असं ते ओट्यावरून सांगायचे आणि गल्लीतली पोरं हसायची. पण त्यांनीही खाटा अंगणात काढल्या. माघातलं दव पडत होतं. काकू दवात झोपल्या, म्हणजे बसल्या, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्यांची नखं निळी पडली.

दवाखान्यात त्यांच्या नाकातोंडाला मास्क लावला होता. डॉक्टर काकांना व्हरांड्यात घेऊन गेले. मी बरोबर होते. "मी पाच वर्षांपूर्वी सांगितलं होतं," डॉक्टर म्हणाले. "या वेळी निभावलं. हा उन्हाळा इथे काढलात तर पुढचं मी सांगू शकत नाही."

काकांनी मान हलवली. त्यानंतर पंधरा-वीस दिवस घरात एकही घोषणा झाली नाही. पाणी यायचं आणि जायचं, मला कळायचं नाही. चहा मुकाट यायचा. शांततेने एवढं घाबरायला होतं हे मला ठाऊक नव्हतं.

काकू घरी आल्या आणि काका पुन्हा पिशवी भरायला लागले. या वेळी इगतपुरी. खाटेवर बसून काकू बघत होत्या. त्यांच्याजवळ त्यांची मामेबहीण बसली होती. ही वरोरची, सुकी मासळी घेऊन जव्हारच्या बाजाराला जाणारी. तिकडे तिने गावाच्या टोकाला एक खोली धरली होती, माल ठेवायला आणि बाजाराच्या आदल्या रात्री पाठ टेकायला.

"पिशवी ठेवा," काकू म्हणाल्या. "मी घर बघून आली."

"कधी?"

"तुम्ही सुरतेला गेला होता ना पोरीकडे, सकाळी जाऊन संध्याकाळी आलात... त्या दिवशी हिच्यासंगती जव्हारला गेली. रात्र राहिली. दुसऱ्या दिवशी तुम्ही विचारलं, कुठे होतीस रात्री... मी बोलली, वरोरला."

काका खाटेच्या कडेला बसले. बायको आपल्याला न सांगता परगावी रात्र काढून आली यापेक्षा मोठा धक्का त्या हिवाळ्यात त्यांना बसला नसेल.

"जव्हार आपण बघितलं आहे," ते शेवटी म्हणाले. "ऊन आहे तिकडे."

 मग काकू बोलल्या, थांबत थांबत, पण एकही शब्द न गाळता. "तुम्ही पाच वर्षं डोंगर बघितले. सगळे दुपारचे बघितले. बाराला पोचायचं, चारला निघायचं. दुपारी मी इथेपण श्वास घेते हो. रात्री मरते मी. रात्रीचा डोंगर... एक तरी बघितलात?"

 मामेबहिणीने पदराने तोंड पुसलं. काकांचं तोंड उघडलं, पण त्यातून ना घोषणा आली ना निकाल. मला ते तेव्हा खूप म्हातारे दिसले. कितीतरी वर्षं त्यांच्यावर हसलेली मी, त्या क्षणी मला हसू आलं नाही आणि रागही आला नाही. त्यांनी खरोखर जिवापाड शोधलं होतं. फक्त जे शोधायचं ते गाडी सुटल्यानंतर येत होतं.

एप्रिलच्या मध्यावर काकू निघाल्या. मामेबहिणीच्या खोलीला लागून आणखी एक खोली आणि पडवी होती, ती ठरवली. काका येणार का, हे कोणी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. पण सामान त्यांनीच बांधलं. औषधं, दम्याचा पंप, स्टोव्ह, उशांचा ढीग, आणि डबाभर सुका जवळा, कारण डोंगरावर मासळीवाचून माणूस जगतो यावरही त्यांचा विश्वास नव्हता. डेपोत जव्हारची गाडी लागली तशी झुंबड उडाली. आयुष्यभर भोंग्यावरून "खिडकीतून रुमाल टाकून जागा अडवू नये" असं ओरडलेल्या या माणसाने धावत जाऊन खिडकीतून पंचा आत फेकला. नव्या कंट्रोलरने जाळीतून पाहिलं आणि सभ्यपणे दुसरीकडे तोंड फिरवलं.

गाडी गेली. काका घरी आले. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी तलासरीच्या गाडीला उभी होते तर हे जव्हारच्या गाडीत.

"काका, राहायला?"

"छे. भेटून येतो."

ते रोज भेटून यायला लागले. रोज. घाटातून अडीच तास वर, बायकोच्या हातचं जेवण, थोडा वेळ पडवीत, मग अडीच तास खाली. जाताना कधी पापलेट, कधी चिकू, कधी रिकाम्या हाताने. संध्याकाळी मी कचेरीतून यायचे तेव्हा ते ओट्यावर पाय बादलीत सोडून बसलेले असायचे. कंडक्टर लोक हसायचे. सीनियर सिटिझनला तिकीट अर्धं आहे म्हणून कंट्रोलर मजा मारतोय, म्हणायचे. मी विचारायचे, "कशा आहेत काकू?" ते म्हणायचे, "हवा बरी आहे. दुपारी ऊन असतं." आणि मग मला विचारायचे, "रात्री कशी असते गं तिकडे?" जणू मी राहून आले होते. मी म्हणायचे, तुम्हीच बघा ना. ते बादलीत पाय हलवत बसायचे.

मे महिना तापत गेला. एका संध्याकाळी मी आले तर ओटा रिकामा. बादली कोरडी. जव्हारची गाडी आली होती, मी ती डेपोत उभी पाहिली होती. मी परत डेपोत गेले. कंडक्टर म्हणाला, "कंट्रोलर नव्हते आज गाडीत." मामेबहिणीला फोन केला, लागला नाही. जेवण गेलं नाही मला. नको ते सगळं डोक्यात येत होतं, काकूंबद्दलही आणि त्यांच्याबद्दलही.

सकाळी मी पुन्हा तोच नंबर लावला. काकूंनी उचलला.

"अगं, काही नाही," त्या म्हणाल्या. "काल जेवल्यावर जरा टेकली, तर डोळाच लागला माझा. उठली तर दिवेलागण. बघते तर हे तिथेच, उंबऱ्यावर. मी बोलली, अहो गाडी? तर बोलतात, गेली."

"मग उठवलं का नाही तुम्हाला?"

"तेच मी बोलली. तर बोलतात, झोपली होतीस."

हे सगळं त्या एका दमात सांगत होत्या. माझ्या ते लगेच लक्षातही आलं नाही. मी विचारलं, "आणि रात्री? काका झोपले का?"

"ते कसले झोपतात! रात्रभर बसून होते भिंतीला टेकून. मी आडवी झोपली, एक उशी घेऊन. पहाटे मला बोलतात, तू घोरत होतीस. लग्न झालं तेव्हा घोरायचीस ना, तशी. मी बोलली, मग हलवायचं होतं मला. इतक्या वर्षांनी झोपायला आलात आणि झोप नाही मिळाली तुम्हाला." काकू हसल्या. "तर बोलतात, हलवलं असतं तर बंद झालं असतं."